घाटमाथ्यावरचा अँटेना

आषाढाच्या सुरुवातीला आत्या मोरीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नाशिकला झालं. टाके निघेपर्यंत ती तिथेच आमच्या घरी राहिली आणि टाके निघाले त्याच दिवशी म्हणाली, "आता मला माझ्या घरी ने."

"अगं, इगतपुरीला आत्ता काय पाऊस असेल! तुला उठून पाणीसुद्धा घेता यायचं नाही."

"मग तूही चल."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की मला नाही म्हणायचं सुचलंच नाही. माझं काम शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्याचं. ते कुठेही बसून होतं. मुलगी शिकायला बाहेरगावी, नवऱ्याला स्वतःपुरता स्वयंपाक येतो. मी बॅग भरली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिने सगळी नोकरी इगतपुरीत केली, आणि निवृत्त झाल्यावर तिथेच घाटाच्या कडेला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधून राहिली. अजूनही सगळं गाव तिला सिस्टरच म्हणतं. आमच्या घरात मात्र तिचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "बिचारीचं लग्न राहून गेलं." लहानपणापासून मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला तिच्या पत्त्याचाच एक भाग वाटायचं.

त्या घरात पावसाळ्यात राहणं म्हणजे ढगात राहणं. मी ह्याआधी उन्हाळ्यात आणि दिवाळीत गेले होते, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून अख्खी दरी दिसायची, कसाऱ्याकडे उतरणारे डोंगर एकामागे एक फिके होत जायचे. आता खिडकीत फक्त पांढरं होतं. सकाळी पांढरं, दुपारी पांढरं, संध्याकाळी जरा करडं. दार उघडलं की धुकं घरात यायचं, पलंगाच्या पायापर्यंत. खालच्या घाटातून इंजिनांचे भोंगे ऐकू यायचे. गाड्यांना चढ चढवायला मागून जोडलेली इंजिनं इगतपुरीला सुटतात, ती दिसत नसली तरी त्यांचं सुटणं-जोडणं कानाला कळायचं. कपडे वाळत नसत. बिस्किटं डब्यातच मऊ पडत. घड्याळाकडे बघितल्याशिवाय वेळ कळत नसे, आणि हळूहळू मी घड्याळाकडे बघणंही सोडून दिलं.

आत्याला दिवसभर पडून राहायचं होतं. सकाळ-संध्याकाळ वॉकर धरून खोलीत चार फेऱ्या मारायच्या, बाकी पलंग. तिला एकच करमणूक होती, टीव्ही. सकाळी शेतीचा कार्यक्रम आणि संध्याकाळी सरकारी वाहिनीवरच्या मराठी बातम्या. शेती तिने कधी केली नव्हती, पण ती भातावरच्या करप्याबद्दल फार लक्ष देऊन ऐकायची.

तोच टीव्ही चालेना. छतावर डिश होती. पण ढग दाट झाले की डिशला वरचं काही मिळत नाही, आणि तिथे ढग दाट नसतात कधी? बातम्या सांगणारी बाई वाक्याच्या मध्येच थांबायची, तोंड अर्धवट उघडं, एक हात कागदावर. मग पडदा निळा व्हायचा. आत्या त्या निळ्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहायची. डिशवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, दसऱ्याला होईल नीट आपोआप." मोबाइलवर दाखवावं तर मोबाइलला रेंज फक्त मागच्या पायरीवर, तीही छत्री धरून.

एका दुपारी असाच पडदा निळा झाल्यावर आत्या म्हणाली, "पूर्वी इथून मुंबई दिसायची."

"उन्हाळ्यात?"

"टीव्हीवर गं. आमच्या क्वार्टरवर अँटेना होता. पाऊस असो नसो, मुंबई दिसायची. मुंग्या यायच्या पडद्यावर, पण माणसं ओळखू यायची."

मला वाटलं, गोळ्यांच्या गुंगीत बोलतेय. पण मग मागच्या पायरीवर छत्री धरून मी फोनवर वाचत बसले, आणि कळलं की ती म्हणते ते खरं असू शकतं. मुंबईच्या मनोऱ्यावरून सरकारी चॅनेल अजूनही हवेतून सोडतात, फक्त आता ते डिजिटल झाले आहेत. त्यासाठी टीव्हीला जोडायचा वेगळा डबा लागतो. आणि हवेतून आडव्या येणाऱ्या त्या लहरींना पाऊस डिशइतका अडवत नाही. त्यांना डोंगर अडवतो. आत्याच्या घरापुढे, मुंबईच्या बाजूला, डोंगर नव्हता. तिथे जमीनच संपत होती.

त्या दिवसापासून मला अँटेनाचा नाद लागला. प्रुफं तपासायची ती तपासायची, आणि उरलेला वेळ अँटेना. पहिली निवड चुकली. ऑनलाइन एक गोल, पांढरा, प्लॅस्टिकचा अँटेना मिळत होता, आतल्या मोटरने स्वतःभोवती फिरणारा. खोक्यावर एवढ्या लांबचं पकडतो म्हणून लिहिलं होतं की तेवढ्या अंतरात आपला अर्धा देश बसला असता. तो मी मागवला. डबाही मागवला. गॅलरीच्या कठड्याला लावला. तो बिचारा गरगर फिरत राहिला, आणि टीव्हीवर डबा सांगत राहिला, एकही चॅनेल सापडला नाही.

"भोवऱ्यासारखा फिरतोय नुसता," आत्या म्हणाली. "त्याला ठाऊकच नाही कुठे बघायचं ते."

तो मी परत पाठवला. पुढच्या आठवड्यात आत्याच्या औषधांसाठी नाशिकला जायचं होतं. शेजारच्या काकूंना दिवसभर आत्याजवळ बसवून मी निघाले. गंमत म्हणजे घोटीच्या पुढे गेल्यावर धुकं संपलं, वाडीवऱ्हे येईस्तोवर चक्क ऊन पडलं होतं. इतक्या दिवसांनी स्वतःची सावली बघून मला झोपेतून उठल्यासारखं झालं.

रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या दुकानात गेले. माझ्या लहानपणी त्यांच्याकडे रेडिओ दुरुस्तीला यायचे. आता सगळीकडे कॅमेरे आणि चार्जर लटकत होते. अँटेना म्हटल्यावर मालक हसले. साठीचे गृहस्थ, कपाळावर गंध.

"आता कोण घेतं मॅडम अँटेना? नेट घ्या."

"नेट नाही तिथे. इगतपुरीच्या कडेवर घर आहे. मुंबई बघायची आहे."

ते हसायचे थांबले. "इगतपुरीहून मुंबई," ते म्हणाले, जरा हळू. "आमचे वडील नाशकात बसून मुंबई बघायचे. गच्चीवर एवढा मोठा पाइप उभा केला होता. सगळी गल्ली यायची बघायला." मग त्यांनी माणसाला माळ्यावर चढवलं.

खाली तीन अँटेना आले. पहिला जुना, धुळीने माखलेला, माणसाच्या उंचीएवढ्या लांब ॲल्युमिनियमच्या काड्यांचा. तो बघून मला एकदम आत्याने सांगितलेलं क्वार्टर आठवलं, आणि तोच घ्यावासा वाटला. पण पायरीवर बसून मी जे वाचलं होतं त्यातलं एक डोक्यात पक्कं बसलं होतं: काड्यांची लांबी लहरींच्या मापाची असते. जुने चॅनेल लांब लहरींवर यायचे, आत्ताचे आखूड लहरींवर येतात. ह्या लांब काड्यांसाठी आता हवेत काही उरलेलंच नव्हतं. मी त्याच्यावरून हात फिरवला आणि बाजूला ठेवला.

दुसरा जाळीचा होता, चौकोनी, खिडकीच्या गजांसारखा. तिसरा लांबलचक दांडा, त्यावर बोटभर-वीतभर आखूड काड्यांची रांग.

"जाळीवाल्याचं तोंड मोठं," मालक म्हणाले. "थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो. हा लांबवाला चिकित्सक. अगदी नेमका समोर धरला तर लांबचं आणतो, जरा ढळला की काही नाही. तुमच्याकडे वारा कसा आहे?"

वारा कसा आहे! मला त्या खिडक्यांची थरथर आठवली. जाळी त्या वाऱ्यात शिडासारखी फुगली असती. लांब दांड्याला वारा धरायला फारसं काही नव्हतं. आणि आम्हाला चारी दिशांचं काही नको होतं, एका दिशेला एक शहर हवं होतं. मी लांबवाला घेतला. सोबत खांबावर अँटेनाच्या जवळच लावायचा बूस्टर आणि चांगल्या जाड केबलचं वेटोळं.

परतीच्या बसमध्ये ते खोकं मी मांडीवर आडवं धरून बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पडद्याचा रॉड का?" मी हो म्हटलं. घोटी आली आणि धुक्याने बस गिळली.

अँटेना उभा करायला शेजारचे काका आले. त्यांची भाताची आवणी नुकतीच उरकली होती, हातांना अजून चिखलाचा रंग होता. त्यांची दोन्ही मुलं आत्याच्याच दवाखान्यात जन्मली होती, म्हणून आत्याचं काम म्हटलं की ते नाही म्हणत नसत. जुन्या बोअरचा लोखंडी पाइप त्यांनी स्वतःच खांद्यावरून आणला.

"ताई, वारा लय हाय इथं," स्लॅबवर चढल्यावर ते म्हणाले. "तीन अंगांनी तारा ओढून बांधू. आन विजेचं काय? आख्ख्या डोंगरात हाच उंच व्हईल."

त्याचाही विचार केला होता. तांब्याची तार पाइपाला बांधून खाली ओल्या जमिनीत गाडायची होती. काकांनी ते आधी करून घेतलं, मगच पाइपाला हात लावला.

पाइप उभा झाला, आणि अँटेना दिसेनासा झाला. माझ्या डोक्यावर पुरुषभर उंचीच्या पुढे सगळं पांढरं होतं. मी पाइपाला मिठी मारून उभी होते. काका तारा धरून स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला, तेही एखाद्या सावलीसारखे. मुंबई नैर्ऋत्येला. फोनमधल्या होकायंत्राचा काटा एकदा इकडे, एकदा तिकडे जात होता, बहुधा लोखंडाच्या शेजारी गोंधळला असावा. मी तो खिशात टाकला आणि अंदाजाने पाइप फिरवायला लागले, अगदी थोडा थोडा.

खाली आत्याच्या पलंगाशेजारची खिडकी उघडी ठेवली होती. टीव्हीवर सिग्नलची पट्टी लावून दिली होती. तिने ती बघून ओरडायचं, असं ठरलं होतं.

"आलं का?"

"नाही!"

मी जरा फिरवला. "आता?"

"थोडी पट्टी हलली! गेली! गेली बघ!"

"उलटीकडे फिरवू?"

"सावकाश गं! तू काय जातं ओढतेस का?"

काका धुक्यातून हसले. मी बोटभर फिरवलं, थांबले. पुन्हा बोटभर. कुठे बघतेय ते मला दिसत नव्हतं, जे शोधत होते ते दिसत नव्हतं, जिच्यासाठी शोधत होते तीही दिसत नव्हती. फक्त तिचा आवाज खालून वर येत होता. दवाखान्यातला असावा तसा, खणखणीत. ऑपरेशननंतर हा आवाज मी ऐकलाच नव्हता. घाटात एक इंजिन लांब भोंगा देत उतरत होतं, आणि मला वाटलं आपण इथे किती तरी वर्षं अशाच उभ्या आहोत, पाइपाला धरून, कुणीतरी खालून हो म्हणायची वाट बघत.

मग एकदम खाली शांत झालं.

"आत्या?"

मी पाइप न सोडता खिडकीच्या बाजूला वाकले.

"आत्या! काय झालं?"

"अगं आलं," ती म्हणाली. आवाज एवढा बारीक होता की काकांना ऐकूच गेला नाही. मग मोठ्याने, "आलं! हलवू नकोस! कुणी काही हलवू नका!"

काकांनी तारा आवळल्या. मी जिना उतरून भिजलेली तशीच आत गेले. पडद्यावर एक बाई शांतपणे काहीतरी वाचत होती, तिच्या साडीचे काठ स्पष्ट दिसत होते. ना थरथर, ना मुंग्या. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ती बाई वाक्य पूर्ण करत होती, पुढचं वाक्य सुरू करत होती. काकांनी दारातूनच बघितलं, "झ्याक आलं की सिस्टर," म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

आत्या मात्र जरा विचारात दिसली.

"काय गं? बरोबर नाही का?"

"फार स्वच्छ आहे," ती म्हणाली. "आम्ही बघायचो तेव्हा मुंग्यांतून माणूस शोधायला लागायचा. त्याला दिसायचा आधी. मग तो मला सांगायचा, हे बघ नाक, हा बघ हात."

"तो कोण?"

"सिग्नल खात्यात होता. त्यानेच लावला होता क्वार्टरवर अँटेना. त्याचे मित्र हसायचे, सिस्टरच्या घरावर सारखा काय चढतोस म्हणून." टीव्हीचा आवाज तिने कमी केला. "चांगला होता. दोनेक वर्षं यायचा. मग त्याची भुसावळला बदली झाली. म्हणाला, लग्न करू, चल."

मी ओल्या केसांना पंचा लावून तिच्या पलंगावर बसले. मला पुढचं माहीत होतं असं मला वाटलं. आजी आजारी होती, माझे वडील शिकत होते, घरी हिच्या पगाराची गरज होती. आमच्या घरातलं ते जुनं वाक्य माझ्या तोंडावर आलं.

"आणि मग बाबांच्या शिक्षणामुळे तुझं राहून गेलं."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

आत्या हसली. दुखऱ्या बाजूवर हात ठेवून चांगली हसली. "राहून गेलं नाही, बाई. मी नाही म्हटलं. तुझ्या बाबाने तर मला सांगितलं होतं, माझं मी बघतो, तू जा. पण मला इथून जायचं नव्हतं."

"इगतपुरीहून?"

"इगतपुरीहून, दवाखान्यातून. ह्या पावसातून. रोज बायका यायच्या अवघडलेल्या, पाड्यांवरून, पेठकडच्या, घोंगडी पांघरून. सकाळी ड्यूटी संपवून धुक्यातून घरी चालत यायचं, कुणी वाट बघत नसायचं. मला ते आवडायचं. त्याला सांगितलं, तू इथे राहिलास तर मी आहे. त्याला नोकरी सोडता येईना. तो भुसावळला गेला." तिने दुखरा पाय जरा सरळ केला. "रडले मी. पण कशासाठी रडतेय ते कळत होतं मला. बिचारीबिचारी नव्हते."

"मग सगळ्यांना तसं का वाटू दिलंस?"

"कुणी विचारलंच नाही मला. तू आत्ता विचारलंस."

बाहेर उजेड तसाच होता, दुपार की संध्याकाळ ते न कळणारा. मी उठून कणीक भिजवायला घेतली. किती वर्षं मी ह्या बाईला मनातल्या मनात कुरवाळत आले होते! दिवाळीला तिला साडी देताना माझा आवाज मऊ व्हायचा. तिला ते कळत असणार. ती साडी घ्यायची आणि म्हणायची, छान आहे रंग.

त्या पावसाळ्यात टीव्ही बंद पडला नाही. श्रावणात पाऊस घरावर आडवा मारायचा, पाइप गुणगुणल्यासारखा आवाज करायचा, आणि आत पडद्यावर करप्यावरचा उपाय सांगितला जायचा. आत्या तो काकांना सांगायची. काका आदराने ऐकून घ्यायचे. गणपतीच्या सुमारास तिने वॉकर सोडून काठी धरली. मी नाशिकला फोन करून सांगायचे, अजून थोडे दिवस. नवऱ्याने एकदा विचारलं, "तिला गरज आहे की तुला?" मी म्हटलं, "दोघींना." तो म्हणाला, "ठीक आहे, राहा." मीही आता सकाळी दूध आणायला धुक्यातून चालत जायचे आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायचे.

परतीच्या पावसात एका दुपारी जोरदार वावटळ आली. अँटेना पडला नाही, पण खांब आपल्या जागी फिरला. आखूड काड्यांचं तोंड वळून वायव्येला गेलं आणि मुंबई गेली. काका भातकापणीत होते, त्यांना बोलवणं जिवावर आलं. आकाश तोवर निवळलं होतं आणि डिशही चालायला लागली होती, त्यामुळे घाई नव्हती. तरी एका पहाटे, उजाडता उजाडता, सहज म्हणून मी डब्याला पुन्हा शोधायला लावलं.

त्याला काहीतरी सापडलं. आधी चौकोन चौकोन आले, मग चित्र जुळलं. एक बाई स्वयंपाकघरात उभी राहून गुजरातीत बोलत होती. मी खिडकीतून बाहेर बघितलं. दरीत गार हवा साचली होती, डोंगरांच्या मधोमध धुक्याची सपाट चादर, वर निरभ्र. अशा स्तब्ध हवेत लहरी कधी कधी वाकून फार लांब जातात, हे मी वाचलं होतं. सुरतकडचा कुठला तरी मनोरा त्या थरावरून घसरत आमच्या घरी आला होता.

"आत्या, ऊठ. गुजरात आलंय."

ती काठी टेकत आली आणि खुर्चीत बसली. दवाखान्यात गुजराती पेशंट पुष्कळ यायचे, तिला भाषा चांगली समजायची आणि त्यांचे पदार्थही ठाऊक होते. ती मला एकेक वाक्य मराठीत सांगायला लागली. हांडवा करत होती ती बाई. डाळ-तांदूळ भिजवून, आंबवून, दुधी किसून.

"काकांना सांगू का अँटेना परत फिरवायला?" मी विचारलं.

"राहू दे थोडे दिवस."

ऊन डोंगरावर आलं. दरीतली चादर विरायला लागली तसे पडद्यावर चौकोन पडायला लागले. आधी बाईचे हात गेले, मग आवाज तुटला, मग सगळंच थांबलं. आत्या तरी थांबली नाही. जाड बुडाच्या भांड्यात तेल घालायचं, मोहरी आणि तीळ तडतडू द्यायचे, त्यावर पीठ ओतून झाकण ठेवायचं, ती सांगत राहिली.